ड्राय अप, ड्राय आउट, ड्राय ऑफ : विहीर आटते, बूट वाळतो, अंग कोरडं होतं

इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बच्या आपल्या मालिकेत आज 'ड्राय' हा शब्द घेऊ. शब्द तसा सोपा. पहिलीतल्या पोरालाही येतो. ड्राय म्हणजे कोरडा. पंचाईत होते ती त्याच्यामागे 'अप', 'आउट' किंवा 'ऑफ' येऊन बसलं की.

ही तीन वाक्यं बघा. 'द वेल हॅज ड्राइड अप.' 'लेट द शूज ड्राय आउट.' 'ड्राय युवरसेल्फ ऑफ.' आपल्याकडच्या बऱ्याच गाइडांमध्ये तिन्हींचा अर्थ एकाच शब्दात उरकलेला असतो: सुकणे. मग पोरं पावसाळ्यात लिहितात, 'माय क्लोद्स हॅव नॉट ड्राइड अप.' वाचणाऱ्याला मुद्दा कळतो, पण वाक्य खटकतं. कपडे 'ड्राय अप' होत नाहीत. का होत नाहीत, हे पाठ करून कळत नाही. ते समजून घ्यावं लागतं, आणि समजून घ्यायला आपल्या हाताशी सगळ्यांत चांगलं साधन आपली मराठीच आहे. आजच्या भागाचा सगळा सार एवढाच.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपले वाचक-प्रेक्षक बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली असे सगळीकडे पसरलेले आहेत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तिसरीच भाषा. 'इंग्रजी सुधारायची असेल तर घरात मराठी बोलणं कमी करा', असा सल्ला कितीतरी आईबापांना मिळतो आणि ते तो मानतातही. तो सल्ला किती तोट्याचा आहे, हे आज एका शब्दावरून पाहू.

आधी आपलं घर बघू

पाणी किंवा ओल निघून जाण्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत, मोजून बघा. विहीर आटते. ओढा आटतो. गाईचं दूध आटतं. मिरच्या, पापड, कडबा, लाकूड हे सगळं वाळतं. फूल सुकतं, रोप सुकतं, उपाशी लेकराचा चेहरा सुकतो. आंघोळीनंतर अंग कोरडं होतं, पुसलेली फरशी कोरडी होते. ओली छत्री कोपऱ्यात निथळते. न्हालेले केस टिपायचे असतात. आणि परीक्षेच्या हॉलबाहेर घशाला कोरड पडते.

प्रांताप्रमाणे थोडा फरक पडतो. कोकणात, मुंबईत दोरीवरचे कपडे सुकतात. घाटावर ते वाळतात. पण विहीर कुठेच वाळत नाही. आणि 'शर्ट आटला' म्हटलं तर अर्थच बदलतो, तो धुतल्यावर आखूड झाला असं होतं. म्हणजे कुठल्या वस्तूतली ओल कशी गेली, पूर्ण गेली की वरवरची गेली, हे सांगायला आपण दर वेळी वेगळं क्रियापद वापरतो. कुणी शिकवलेलं नसतं, कानावर पडून येतं.

इंग्रजी तेच काम दुसऱ्या पद्धतीने करते. क्रियापद एकच ठेवते, ड्राय. फरक दाखवायला त्याला मागे एक शेपूट लावते. आपण शब्द बदलतो, ते शेपूट बदलतात. एवढं लक्षात आलं की फ्रेजल व्हर्बची निम्मी भीती जाते.

'अप' म्हणजे 'जाणे' आणि 'टाकणे'

पहिलं शेपूट 'अप'. अप म्हणजे वर, हा अर्थ इथे उपयोगाचा नाही. 'वाफ वर जाते म्हणून अप' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथे 'अप' म्हणजे शेवटपर्यंत, संपेपर्यंत. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात काही ठेवू नकोस. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. 'बर्न अप' म्हणजे जळून जाणं.

आपल्याकडे हे काम कोण करतं? 'जाणे' आणि 'टाकणे'. मराठी व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. 'तळं आटलं' आणि 'तळं आटून गेलं' यांत जो फरक आहे, जवळपास तोच 'ड्राय' आणि 'ड्राय अप' यांत आहे. गोष्ट आपोआप झाली तर 'जाणे': 'द पाँड ड्राइड अप', तळं आटून गेलं. कुणी केली तर 'टाकणे': 'द हीट ड्राइड अप द पाँड', उन्हानं तळं आटवून टाकलं.

आता 'ड्राय अप' रोजच्या वापरात कुठे कुठे येतं, ते पाहू.

पहिला वापर पाण्याच्या साठ्यांसाठी. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईची पाळी आली. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेम्बरंबक्कम या चार जलाशयांमध्ये जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. जुलैत जोलारपेट्टईहून तिथेही पाण्याची रेल्वेगाडी आली. अशा वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांचा मथळा असतो, 'रिझर्व्हायर्स ड्राय अप'. मध्य आशियातला अरल समुद्र एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होता. त्याला मिळणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी १९६० च्या दशकापासून सोव्हिएत राजवटीने कापसाच्या शेतीकडे वळवलं, आणि तो बहुतांश आटून गेला. 'द अरल सी हॅज लार्जली ड्राइड अप.' इथे 'ड्राइड आउट'पेक्षा 'ड्राइड अप'च बसतं, कारण जे होतं तेच संपलं.

जाता जाता एक उच्चार सांगतो. दुष्काळ, अवर्षण याला इंग्रजीत जो शब्द आहे तो 'ड्राय'च्याच कुळातला. त्याचा उच्चार 'ड्राउट' असा आहे. आपल्याकडे तो सर्रास 'ड्रॉट' असा ऐकू येतो.

दुसरा वापर पैसा, काम, मदत यांच्या ओघासाठी. २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, तेव्हा बँका एकमेकींना कर्ज द्यायलाही कचरू लागल्या. तेव्हाचं ठरलेलं वाक्य होतं, 'क्रेडिट हॅज ड्राइड अप.' २०२० च्या टाळेबंदीत रोजंदारीवरच्या माणसांचं काम थांबलं: 'वर्क ड्राइड अप.' आपणही हेच म्हणतो की नाही? देणग्यांचा ओघ आटला. ऑर्डरी आटल्या. माया आटली. पैशाला आणि मायेला पाणी समजणं हे दोन्ही भाषांना आपापलं सुचलेलं आहे. म्हणून अर्जात 'आमचं उत्पन्नाचं साधन बंद झालं' असं लिहायचं असेल तर 'अवर सोर्स ऑफ इन्कम हॅज ड्राइड अप' असं बेधडक लिहा. सरळ, सभ्य आणि नेमकं वाक्य आहे.

तिसरा वापर बोलणं खुंटण्यासाठी. नट रंगमंचावर वाक्य विसरला आणि गप्प उभा राहिला की ब्रिटिश नाटकवाले म्हणतात, 'ही ड्राइड' किंवा 'ही ड्राइड अप'. आपण म्हणतो, ब्लँक झाला. सैन्याच्या अधिकारी निवडीत, म्हणजे एसएसबीत, लेक्चरेट नावाचा प्रकार असतो. कार्डावरच्या विषयांतून एक निवडायचा, तीन मिनिटं तयारी करायची आणि तीन मिनिटं गटापुढे बोलायचं. हुशार पोरंही दीड मिनिटात 'ड्राय अप' होतात. त्यांना विषय येत नसतो असं नाही. मनात मराठीत आलेलं वाक्य इंग्रजीत शब्द-शब्द फिरवत बसतात आणि मधेच एखादा शब्द अडतो. अशा मुलांना माझा सल्ला एकच. अडलेला शब्द शोधत थांबू नका, तोच अर्थ दुसऱ्या सोप्या शब्दांत सांगा. 'ड्राइड अप' आठवलं नाही तर 'देअर इज नो वॉटर इन द वेल' म्हणा. विहिरीत पाणी नाही हे कळण्याशी मतलब.

चौथा वापर आज्ञार्थी. 'ड्राय अप!' असं कुणी कुणावर खेकसलं तर त्याचा अर्थ 'गप्प बस', 'तोंड आवर'. जुन्या सिनेमांत, जुन्या कादंबऱ्यांत सापडतो. वाचताना समजावा म्हणून सांगितला, वापरायला नाही. वडीलधाऱ्यांशी आणि वरिष्ठांशी तर मुळीच नाही.

पाचवा वापर ब्रिटिश स्वयंपाकघरातला. 'यू वॉश, आय विल ड्राय अप.' तू भांडी घास, मी पुसून ठेवतो. इथे विहीरही नाही, आटणंही नाही. धुतलेली भांडी फडक्याने पुसून कोरडी करण्याला तिथे 'ड्राय अप' म्हणतात. शिकायला इंग्लंडात गेलेल्या आपल्या मुलांना घरमालकीणबाईंनी 'कुड यू ड्राय अप, प्लीज?' असं विचारलं तर घाबरू नये. त्या गप्प बसायला सांगत नाहीत, फडकं हातात घ्यायला सांगतात. 'प्लीज' आणि आवाजाची पट्टी यांवरून फरक कळतो.

सहावा वापर औषधपाण्यातला, आणि हा सगळ्यांनी नीट समजून घ्यावा. बाळंतपणानंतर आईच्या हातात जी इंग्रजी पत्रकं पडतात, त्यांत बाळाच्या नाळेबद्दल लिहिलेलं असतं, 'द स्टंप विल ड्राय अप अँड फॉल ऑफ.' म्हणजे बेंबीशी राहिलेला नाळेचा तुकडा वाळून जाईल आणि आपोआप गळून पडेल. ओढायचा नाही, भाग कोरडा ठेवायचा. कांजिण्यांच्या बाबतीत 'ब्लिस्टर्स ड्राय अप' म्हणजे फोड सुकून त्यांवर खपली धरते. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजार दुसऱ्याला लागू शकतो, त्यामुळे मुलाला शाळेत कधी पाठवायचं हे या दोन शब्दांवर ठरतं. आणि आईच्या बाबतीत 'मिल्क ड्राय अप' म्हणजे पान्हा आटणं. बघा, एकाच 'ड्राय अप'ला मराठीत तीन क्रियापदं लागली: नाळ वाळते, फोड सुकतात, पान्हा आटतो.

'आउट' म्हणजे आतून बाहेर

आता दुसरं शेपूट. 'आउट' म्हणजे आतली ओल बाहेर पडते, वस्तू मात्र जागेवर राहते. आपण ओला टॉवेल पिळून काढतो, त्याला इंग्रजीत 'रिंग आउट'. आपलं 'काढणे' आणि त्यांचं 'आउट' एकाच कामाला लागलेले आहेत.

भिजलेली गादी, ओल धरलेली भिंत, पावसात भिजलेलं पुस्तक, ओलं लाकूड या सगळ्यांना 'ड्राय आउट' लागतं. पाणी आत मुरलेलं असतं, त्यामुळे वेळ लागतो. विहीर आणि गादी शेजारी शेजारी ठेवून बघा. विहिरीतलं पाणी गेलं की विहिरीचा उपयोगच संपला, म्हणून 'अप'. गादीतलं पाणी गेलं की गादी पुन्हा कामाची झाली, म्हणून 'आउट'.

पण दर वेळी 'ड्राय आउट' चांगलंच असतं असं नाही. जेवढी ओल हवी तेवढीही गेली तर तेही 'ड्राय आउट'. केक उघडा राहिला की 'ड्राइज आउट'. एसीत दिवसभर बसलं की त्वचा 'ड्राइज आउट'. चामड्याचा बूट चुलीजवळ वाळवला की चामडं 'ड्राइज आउट अँड क्रॅक्स', कडक होऊन तडकतं. मराठीत अशा ठिकाणी आपण 'कोरडं पडणं' म्हणतो. 'कोरडं होणं' आणि 'कोरडं पडणं' यांत आपण जो भेद करतो तो लक्षात घ्या. फरशी कोरडी झाली म्हणजे बरं झालं. त्वचा कोरडी पडली म्हणजे वाईट झालं.

'ड्राय आउट'चा आणखी एक अर्थ दारूशी जोडलेला आहे. इंग्रजीत दारू नसण्याला 'ड्राय' म्हणतात. गांधी जयंतीचा ड्राय डे सगळ्यांना माहीत आहे, आणि बडोद्याच्या आपल्या लोकांना ड्राय स्टेट म्हणजे काय ते सांगायला नको. त्यावरून, दारूच्या आहारी गेलेला माणूस ती सोडण्यासाठी दवाखान्यात किंवा केंद्रात राहिला की 'ही इज ड्राइंग आउट'. हा बोलीतला, थोडा हलका शब्द आहे. कुणाच्या घरच्यांशी बोलताना तो वापरू नये. 'ही इज अंडर ट्रीटमेंट' म्हणावं. आणि एक गोष्ट भाषेबाहेरची, पण सांगितलीच पाहिजे. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर थरकाप, भास, झटके असे धोक्याचे त्रास होऊ शकतात. म्हणून हे 'ड्राइंग आउट' डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवं. फौजेत, पोलिसात, गिरणीत, कुठेही नोकरी केलेल्या घरांना हे माहीत असलेलं बरं.

'ऑफ' म्हणजे वरवरचं

तिसरं शेपूट 'ऑफ'. इथे पाणी फक्त वर बसलेलं असतं, ते काढायचं. झटकून टाकणं म्हणजे 'शेक ऑफ', पुसून टाकणं म्हणजे 'वाइप ऑफ', तसंच अंग पुसून कोरडं करणं म्हणजे 'ड्राय ऑफ'. पोहून आलात, टॉवेल घेतलात: 'ड्राय युवरसेल्फ ऑफ'. पावसात भिजलेला कुत्रा घरात शिरायच्या आत: 'ड्राय द डॉग ऑफ'. काम दोन मिनिटांचं.

आता तिन्ही शेपटं एका जागी आणतो. पावसात रात्रभर गस्त घालून तुकडी ठाण्यावर परतली आहे. आधी शस्त्र. रायफल वरून पुसायची, नळीतून पुलथ्रूने चिंदी ओढायची, मग तेल. हे 'ड्राय ऑफ'. मग पाय. बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून कोरडे करायचे, पावडर, कोरडे मोजे. हेही 'ड्राय ऑफ'. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय सुजून सडत, त्या आजाराला 'ट्रेंच फूट' असं नावच पडलं. तेव्हापासून ओले पाय ही कुठल्याही फौजेत हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नाही. नंतर बूट. ते नुसते पुसून भागत नाही, आत पाणी मुरलेलं असतं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, आगीपासून लांब, वाऱ्याला ठेवायचे. हे 'ड्राय आउट'. आणि गस्तीच्या वाटेवर ज्या झऱ्यावर पाण्याच्या बाटल्या भरता येतील असं धरलं होतं, तो उन्हाळ्यात आटलेला निघाला तर, 'द स्प्रिंग हॅज ड्राइड अप'. पाय, बूट, झरा. ही तीन चित्रं डोक्यात ठेवली की चूक होणार नाही.

घरातलं एक उदाहरण. मोबाइल पाण्यात पडला, किंवा आजोबांचं श्रवणयंत्र भिजलं. पुसून घेतलं, वरून कोरडं दिसलं, लगेच चार्जिंगला लावलं की बिघडतं. कारण ते फक्त 'ड्राय ऑफ' झालं होतं, 'ड्राय आउट' झालं नव्हतं. सूचनापत्रात दोन शब्द वेगळे लिहिले असतील तर कामंही दोन आहेत. आधी पुसा, मग आतली ओल जाईपर्यंत बंद करून हवेशीर ठेवा.

'ऑफ'चा दुसरा अर्थ बंद. दिवा 'स्विच ऑफ' करतो तसा. गाय विण्याआधी साधारण दोन महिने तिचं दूध काढणं ठरवून थांबवतात, म्हणजे तिला आणि पोटातल्या वासराला विश्रांती मिळते. याला इंग्रजीत 'ड्राय ऑफ' म्हणतात. आपल्या शेतकऱ्याचा शब्द तयार आहे: गाय आटवणं. चारा नाही म्हणून दूध आपोआप गेलं तर 'हर मिल्क ड्राइड अप', गाय आटली. आपण ठरवून बंद केलं तर 'वुइ ड्राइड हर ऑफ', गाय आटवली. निवृत्तीनंतर दोन-चार गाई पाळणारे आमचे पुष्कळ सोबती आहेत. जनावरांच्या इंग्रजी पुस्तिकांत हे शब्द दर पानावर भेटतात, त्यांच्यासाठी हा खुलासा.

वाळत घालणं आणि वाऱ्यावर सोडणं

आणखी एक वाक्प्रयोग याच दोरीवरचा आहे. 'हँग आउट टु ड्राय'. कपड्यांच्या बाबतीत सरळ अर्थ, वाळत घालणं. पण माणसाला 'हँग आउट टु ड्राय' केलं म्हणजे अडचणीच्या वेळी त्याला एकटं पाडलं, आपण अंग काढून घेतलं. 'द मॅनेजर हंग हिम आउट टु ड्राय.' मराठीत? वाऱ्यावर सोडलं. शब्द न शब्द जुळत नाही, पण वारा दोन्हीकडे आहे. हुकूम आपण द्यायचा आणि काम फसलं की हाताखालच्याला पुढे करायचं, याला हे वाक्य नेमकं लागू पडतं. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, मग ती पलटणीत असोत की बँकेत, त्याने हा वाक्प्रयोग समजून घ्यावा आणि आपल्याबद्दल कुणाला तो वापरावा लागू नये असं वागावं.

शेपूट कुठे ठेवायचं

आता थोडं व्याकरण. ज्याला कोरडं करायचं त्याचं नाव असेल तर शेपूट आधी किंवा नंतर, दोन्ही चालतं: 'ड्राय ऑफ द टेबल', 'ड्राय द टेबल ऑफ'. पण नावाऐवजी सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं: 'ड्राय इट ऑफ'. 'ड्राय ऑफ इट' हे चूक. हा नियम असे मधे तुटू शकणाऱ्या बहुतेक फ्रेजल व्हर्बना लागतो, म्हणून एकदाच पक्का करा. 'स्विच इट ऑफ', 'पिक इट अप', 'थ्रो इट आउट'.

स्पेलिंगमध्ये 'ड्राइज' आणि 'ड्राइड' लिहिताना वाय जाऊन त्याच्या जागी आय येतो. 'ड्राइंग' लिहिताना वाय तसाच राहतो. नामाआधी विशेषण म्हणून वापरलं तर मध्ये छोटी रेघ: 'अ ड्राइड-अप वेल', आटलेली विहीर.

आणि आपल्याकडे नेहमी होणाऱ्या चार चुका.

एक. 'क्लोद्स हॅव ड्राइड अप' नको. नुसतं 'द क्लोद्स हॅव ड्राइड' किंवा 'द क्लोद्स आर ड्राय' पुरे.

दोन. 'माय थ्रोट इज ड्राइंग अप' म्हणण्यापेक्षा 'माय थ्रोट इज ड्राय'. घशाला कोरड पडली, एवढंच सांगायचं आहे.

तीन. भिंतीवरचा रंग 'ड्राइज', कारण तो वाळायलाच लावलेला असतो. डब्यातला रंग 'ड्राइज अप', कारण तो वाया गेला. स्केचपेनच्या बाबतीत 'ड्राइड अप' आणि 'ड्राइड आउट' दोन्ही चालतात. शाई संपली असं मनात असेल तर अप, टोक कोरडं पडलं असं मनात असेल तर आउट.

चार. आपण काजू, बदाम, मनुका सगळ्यांना 'ड्राय फ्रूट्स' म्हणतो. भारतात ते रुळलेलं आहे. पण परदेशात 'ड्राइड फ्रूट' म्हणजे फक्त वाळवलेली फळं: मनुका, जर्दाळू, अंजीर. काजू-बदाम तिथे 'नट्स'. नट्सची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला डबा पाठवताना हा फरक फार मोठा ठरतो.

आता तुमची पाळी

पाच वाक्यं देतो. उत्तरं आधी मराठीत बोला, मग इंग्रजीत.

गावातली नदी मार्चमध्येच आटून गेली. पोहून झाल्यावर अंग पूस. भिजलेल्या वह्या वाळू देत. कारखाना बंद झाला आणि कामं आटली. भाषणात मधेच त्याला काही सुचेना.

उत्तरं अशी. नदीला अप. अंगाला ऑफ. वह्यांना आउट. कामांना अप. भाषणालाही अप. ज्यांनी मराठी क्रियापद आधी ओळखलं, त्यांना शेपूट शोधायला वेळ लागला नसणार. आटून जाणं, सुचेनासं होणं म्हणजे काहीतरी संपलं, तिथे अप. मुरलेलं पाणी वाळणं, तिथे आउट. वरचं पाणी पुसणं, तिथे ऑफ.

म्हणूनच सुरुवातीच्या सल्ल्याकडे परत येतो. घरात मराठी कमी केली की इंग्रजी वाढते, हे खरं नाही. ज्या घरात विहीर, शर्ट, फूल, अंग सगळ्यांनाच नुसतं 'ड्राय झालं' म्हणतात, त्या घरातल्या मुलाला तीन शेपटांमधला फरक शिकवायला मास्तरांना घाम फुटतो. त्याच्या मनात फरकाच्या जागाच तयार नसतात. ज्या घरात आजी म्हणते, 'दूध आटलं', आई म्हणते, 'पापड वाळले का बघ', आणि बाप म्हणतो, 'डोकं नीट पूस, केस ओले आहेत', त्या घरातलं मूल अर्धं शिकूनच शाळेत जातं. मग ते घर साताऱ्यात असो की इंदुरात, तंजावरात असो की दिल्लीत.

तेव्हा या आठवड्यात एक करा. जेवताना मुलांना, नातवंडांना विचारा: कशाकशाला आटणं म्हणतात? वाळणं कशाला? सुकणं कशाला? यादी त्यांनाच करू द्या. मग प्रत्येकापुढे अप, आउट, ऑफ लिहायला सांगा. काही ठिकाणी घरात वाद होईल. होऊ द्या. वादात शब्द पक्के होतात.

पुढच्या भागात 'ब्रेक'ची शेपटं बघू: ब्रेक डाउन, ब्रेक अप, ब्रेक इन, ब्रेक आउट. तोवर रजा घेतो. जय हिंद.